शिदोरी

सुटी संपून शाळा भरली म्हणजे पहिल्या आठवड्यांत मुलांकडून 'मीं केलेला प्रवास' या विषयावर निबंध लिहून घ्यावयाचा, हा आमचा फार दिवसांचा परिपाठ आहे. मी मूळचा विज्ञानाचा शिक्षक. परंतु आठवीचा मराठीचा तास माझ्याकडे असल्यामुळें वह्यांचा तो गठ्ठा यंदाही माझ्याच टेबलावर येऊन पडला. वह्या तपासतांना एक गोष्ट ध्यानांत आली. कोणी वेरूळचीं लेणीं पाहून आला होता, कोणी रायगड चढून आला होता, एका मुलीनें कोंकणांत जाऊन प्रथमच समुद्र पाहिला होता व लाटांच्या वर्णनांत दोन पानें खर्चीं घातलीं होतीं. परंतु वाटेंत खाल्लें काय, याविषयीं एक वही सोडली तर बाकीच्या साऱ्या वह्यांत मिळून एकच वाक्य सांपडलें : 'नंतर आम्ही जेवण केलें.' जणूं तें जेवण आभाळांतून पडलें! तें कोणीं रांधलें, किती वाजतां उठून रांधलें, कशांत बांधलें, दुसऱ्या दिवशीं तें चांगलें राहिलें कीं विटलें, याचा कोठें उल्लेख नाहीं. वेरूळचें कैलास लेणें बाराशेंहून अधिक वर्षें जागच्या जागीं उभें आहे. त्याचें वर्णन केव्हांही होईल. शिदोरी दोन दिवसांत संपते, आणि तिची हकीकत लिहून ठेवणारा सहसा कोणी नसतो.

संस्कृतांत शिदोरीला पाथेय म्हणतात. पथ म्हणजे वाट, आणि वाटेवर उपयोगी पडतें तें पाथेय. मराठींत शिधा निराळा व शिदोरी निराळी. शिधा कोरडा, अजून शिजावयाचा असतो. शिदोरी सोडली कीं घांस थेट तोंडांत जातो. आजीच्या गोष्टींतला राजपुत्र घराबाहेर निघाला कीं त्याची आई तहानलाडू व भूकलाडू त्याच्या पदरीं बांधून देई. राक्षस, राजकन्या आणि उडता घोडा हीं सारीं मागाहून यावयाचीं, आधीं लाडू. या गोष्टी ज्या बायकांनीं रचल्या, त्यांना प्रवास म्हणजे काय वस्तु आहे तें पक्कें ठाऊक होतें यांत शंका नाहीं.

गेल्या मे महिन्यांत आम्ही घरचीं पांच माणसें मोटारीनें महाबळेश्वरास गेलों : माझी आई, आम्ही उभयतां, अकरावींतली कन्या व सातवींतला चिरंजीव. आपल्या शेवगांवाला आगगाडी नाहीं. कोठेंही जावयाचें तर आधीं सडक. शेवगांवाहून अहिल्यानगर, ज्याला आपण सवयीनें अजून नगरच म्हणतों, सुमारें ६५ किलोमीटर. तेथून पुणें १२०, आणि पुण्याहून महाबळेश्वर पुन्हां जवळ जवळ तितकेंच. म्हणजे तीनशें किलोमीटरांची मजल. हॉटेलांत दोन रात्रींसाठीं खोल्या ठरवून पैसेही भरले होते. अशा स्थितींत निघण्याच्या आदल्या दिवशीं आईनें जोंधळ्याच्या पिठाचा डबा पुढें ओढला, तेव्हां कन्येला हंसूं आलें.

"आजी, आपण हॉटेलांत राहणार आहोत. तिथं सगळं मिळतं."

"मिळतं गं बाई, मिळतं," आई परात पुसतां पुसतां म्हणाली, "पर न मिळालं तर?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. म्हणून कन्या मुकाट्यानें कांदे सोलावयास बसली.

आईच्या शिदोरींत पदार्थ पुष्कळ असतात, पण अंदाधुंदी नसते. जें आधीं विटेल तें आधीं खावयाचें, व जें आधीं खावयाचें तें डब्यांत सर्वांत वर. पहिल्या न्याहारीला तिखटमिठाच्या पुऱ्या. दुपारीं ताकांत भिजविलेले धपाटे व त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. दुसऱ्या दिवसासाठीं दशम्या. तळाशीं गूळपापडीच्या वड्या आणि लाडू, जे परत घरीं आले तरी चालतात. लिंबाचें लोणचें चिनीमातीच्या लहान बरणींत, पितळी डब्यांत कदापि नाहीं. कारण आंबट पदार्थ पितळेला लागला म्हणजे कळकतो. भात नाहीं. उकडलेल्या बटाट्याची भाजी नाहीं. ओल्या नारळाची चटणी तर नांवालाही नाहीं.

या सगळ्याला आधार काय, हें मी विज्ञानाचा शिक्षक या नात्यानें एकदां नीट शोधून पाहिलें आहे. तें विद्यार्थ्यांस सांगण्याजोगें आहे. अन्न नासतें तें त्यांतल्या मोकळ्या पाण्यामुळें. पाणी असणें निराळें, व जंतूंच्या उपयोगीं पडेल असें मोकळें पाणी असणें निराळें. हें मोकळें पाणी शास्त्रज्ञ शून्य ते एक अशा मापानें मोजतात. शुद्ध पाण्याचें माप १ धरतात. तें ०.८५ च्या खालीं उतरलें कीं रोग उत्पन्न करणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ थांबते, आणि ०.६० च्या खालीं बुरशीचाही इलाज चालत नाहीं. गूळ, साखर व मीठ हीं पाण्याला जणूं दावणीला बांधून ठेवतात. गूळपापडी टिकते ती यामुळें. पीठ तुपांत भाजतांना पाणी उडतें, व उरलेलें गूळ धरून ठेवतो. ओल्या खोबऱ्यांत असा कोणी धनी नसतो.

भाताची गोष्ट याहून वाईट आहे. बॅसिलस सीरियस नांवाचा एक जंतु आहे. त्याचे बीजाणु तांदळाबरोबर भांड्यांत येतात व शिजवूनही मरत नाहींत. भात कोमट राहिला कीं ते पुन्हां रुजतात, वाढतात आणि विष करतात. तें विष मग भात पुन्हां तापविला तरी जात नाहीं. सुमारें ५ ते ६० अंश सेल्सिअस ही जंतूंच्या भरभराटीची हद्द; आणि मे महिन्यांत उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत दुसरें कोणतें हवामान असतें? आई हें जाणत नाहीं. ती एवढेंच म्हणते कीं भात 'वाटेला धार्जिणा नाहीं.'

दशमी म्हणजे पाण्याचा थेंब न घालतां दुधांत भिजविलेल्या पिठाची भाकरी. ती दोन दिवस मऊ राहते, तीन दिवस खातां येते. यावर मीं एकदां आईला सांगितलें, कीं गाईच्या दुधांत शंभर भागांपैकीं सत्याऐंशी भाग पाणीच असतें; मग पाणी घातलें नाहीं याला अर्थ काय? आईनें क्षणभरही विचार केला नाहीं. ती म्हणाली, "असंल. पर त्ये गाईनं घातलेलं पाणी हाय, आपण न्हाई." खरें कारण असें दिसतें, कीं दशमी पातळ थापतात व मंद विस्तवावर फार वेळ शेकतात, त्यामुळें ओल निघून जाते, आणि दुधांतली स्निग्धता आंत राहिल्यामुळें कोरडी होऊनही ती कातड्यासारखी वातड होत नाहीं. मुख्य खुबी मात्र शेवटीं आहे. दशमी काय, धपाटें काय, तव्यावरून काढलें कीं कापडावर पसरून पूर्ण निवूं द्यावयाचें. ऊन ऊन डब्यांत भरलें कीं वाफ झांकणाला लागते, तिचें पाणी होऊन खालीं ठिबकतें, आणि दुसऱ्या दिवशीं बुरशीला आमंत्रण जातें. आमच्या घरीं निववण्याचें काम माझ्याकडे आहे. मी पुठ्ठ्यानें वारा घालतों.

यहोशवाच्या पुस्तकांत गिबोनी लोकांची एक गंमतीची हकीकत आहे. ते राहणारे शेजारचेच. परंतु आपण फार दूरदेशींहून आलों असें भासवून करार करून घ्यावा म्हणून त्यांनीं फाटकीं पायतणें घातलीं आणि वाळून बुरसलेल्या भाकरी पुराव्यादाखल बरोबर आणल्या. निघालों तेव्हां या ऊन होत्या, असें ते म्हणाले. आणि यहोशवाला तें खरें वाटलें. हा भाग घरीं वाचला गेला तेव्हां आई म्हणाली, कीं त्यानें एखाद्या बाईला तेवढ्यापुरतें बोलवावयास हवें होतें. ऊन भाकरी बांधल्यावर ती किती दिवसांत बुरसते, हें बाईनें वासावरून सांगितलें असतें.

शंभर वर्षांपूर्वींच्या आज्यांना हें सारें कसें कळलें, याचें मला नवल वाटतें. फ्रान्समध्यें निकोलस आपेर नांवाच्या मिठाईवाल्यानें अन्न बरणींत भरून, बूच घट्ट बसवून, बरणी उकळत्या पाण्यांत ठेवून टिकविण्याची रीत काढली, तेव्हां १८१० सालीं सरकारनें त्यास १२,००० फ्रँक बक्षीस दिलें. अन्न कां टिकतें हें आपेरलाही सांगतां आलें नाहीं. तो उलगडा अर्धशतकानंतर लुई पाश्चरच्या प्रयोगांतून झाला. दशमीचा शोध लावणारीला कोणीं कांहीं दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

आमच्या घराण्यांत शिदोरी बांधण्याला पोटाखेरीज आणखी एक कारण होतें, आणि खरें म्हणजे तेंच मोठें होतें. आईचे वडील खेड्यांतल्या मिशनच्या शाळेवर मास्तर. कामानिमित्त त्यांना वरचेवर नगरास जावें लागे. चाळीस मैलांची वाट, कधीं बैलगाडीनें, पुष्कळदां पायीं. वाटेंत खाणावळी नव्हत्या असें नाहीं, चहाचीं दुकानें नव्हतीं असेंही नाहीं. पण तीं त्यांच्यासाठीं नव्हतीं. दुकानाबाहेर खिळ्याला एक कानतुटका कप टांगलेला असे. वरून ओतलेला चहा त्यांत घ्यावयाचा, दूर बसून प्यावयाचा, आपल्या हातानें विसळावयाचा व पुन्हां खिळ्याला लावावयाचा. घराण्यानें धर्म बदललेला होता. पण वाटेवरच्या विहिरीला व त्या खिळ्याला तें ठाऊक नव्हतें. आजोबांनीं तो कप आयुष्यांत हातांत धरला नाहीं. भाकरी पितळी डब्यांत, पाणी भोपळ्याच्या तुंब्यांत, आणि बसावयास झाडाची सावली, एवढें आपलें आपल्यापाशीं असलें म्हणजे कोणापुढें हात करावा लागत नाहीं व कोणाला 'नाहीं' म्हणण्याची संधि मिळत नाहीं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचा तो डबा आमच्याकडे आहे. झांकणावर त्यांचें नांव ठोकून कोरलेलें आहे.

ज्यांना हा हिशेब कळत नसेल त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लहानपणची लिहून ठेवलेली १९०१ सालची आठवण वाचावी. त्यांचे वडील तेव्हां सातारा जिल्ह्यांत गोरेगांव येथें नोकरीस होते. वडिलांनीं सुटींत बोलाविलें म्हणून मुलें नवे कपडे घालून आगगाडीनें साताऱ्याहून निघालीं व मसूर स्टेशनावर उतरलीं. जात कळतांच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडें कबूल केलें तेव्हां एक बैलगाडी मिळाली. मुलांजवळ खाण्याची टोपली भरलेली होती, पैसे होते. नव्हतें तें पाणी. ओढ्याचें पाणी शेणामुताचें, तोंडाजवळ नेववेना. रात्रीं जकातनाक्यावर मागितलें, तें मिळालें नाहीं. भरलेली टोपली जवळ असून मुलें उपाशीं निजलीं. शिदोरीला पाणी लागतें. आणि पाणी घरून किती नेणार? पुढें २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेणारा माणूस हाच.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें, विहिरी व तलाव सर्वांस मोकळे केले. सतराव्यानें अस्पृश्यता नाहींशी केली. व ती पाळणें गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ सालीं झाला. आई जन्मली १९५१ सालीं, म्हणजे राज्यघटनेहून ती एका वर्षानें धाकटी. पण कायदा झाला त्या दिवशीं सगळे कप खिळ्यावरून उतरले असें झालें नाहीं. वडिलांचें बोट धरून चालतांना ते तिनें पाहिले आहेत. पुढें दिवस पालटले, तिची मुलें शिकलीं, नोकरीला लागलीं. तरी प्रवासांत चहापलीकडे बाहेरचें ती कांहीं घेत नसे. कोणीं कारण विचारलें तर पोटाचें नांव सांगे.

असो. पहाटे पांचास निघालों. शिरूरच्या पुढें एका चिंचेखालीं पुऱ्या संपल्या. पुणें आलें व गेलें, खंबाटकीचा घाट चढलों, आणि वाईस कृष्णेच्या कांठीं धपाटे सोडले. तेथें चिरंजीवांनीं चार खाल्ले व पांचवें मागितलें; हॉटेलचें नांव कोणीं काढलें नाहीं. पसरणीच्या घाटांत एका वानरानें खिडकींतून हात घालून गूळपापडीची एक वडी नेली. आईनें त्याचें कौतुकच केलें, कारण त्यानें डब्याला हात लावला नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं महाबळेश्वरास पोहोंचलों. हॉटेलचें नांव येथें देत नाहीं. सामान उतरत होतें. आईनें आजोबांचा डबा दोन्ही हातांनीं छातीशीं धरला होता. दारांतल्या टेबलामागचा तरुण मनुष्य उठून पुढें आला आणि अदबीनें म्हणाला, "काकू, बाहेरचं खाणं आंत नेतां येणार नाही."

आई जागच्या जागीं थांबली. तिनें त्याच्याकडे पाहिलें नाहीं; माझ्याकडे पाहिलें, आणि हळूच विचारलें, "आपल्यालाच कां रे, का समद्यांला?"

त्या तरुणाला प्रश्न समजला नाहीं. वय पंचविशीचें असेल. न समजला हें चांगलेंच झालें. माझ्या मुलांनाही तो समजला नाहीं. मला समजला, व एक क्षण माझ्यानें बोलवेना. मग मीं भिंतीवरची पाटी दाखविली : बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. "समद्यांला, आई."

पाटीवर तिचा विश्वास बसला नाहीं. पाट्या तिनें पुष्कळ पाहिल्या आहेत. इतक्यांत आमच्या मागून मोठ्या मोटारींतून एक गुजराथी कुटुंब उतरलें. त्यांच्या नोकराच्या डोक्यावर ठेपल्यांची व फरसाणाची भली थोरली टोपली होती. त्यांनाही त्या तरुणानें तेंच सांगितलें, त्याच शब्दांत. गृहस्थ रागावले, पैशाची भाषा बोलले, मालकाला टेलिफोन करतों म्हणाले. टोपली बाहेरच राहिली. आई डबा धरून हें सारें शेवटपर्यंत पाहत उभी होती. टोपली मोटारींत परत गेल्याची खात्री झाल्यावर तिनें डबा माझ्या हातीं दिला. "मग ठेव गाडीत," ती म्हणाली. इतकी प्रसन्न मी तिला त्या साऱ्या प्रवासांत पाहिली नव्हती.

नियमाविषयीं माझें मत विचारलें तर तें थोडें निराळें आहे. खोल्यांत अन्न सांडतें, मुंग्या होतात, उंदीर येतात, चादरींना तेलाचे डाग पडतात, हें त्या तरुणानें सांगितलें तें खरें आहे. हॉटेलच्या भोजनगृहाचा गल्ला भरावा हें त्यानें सांगितलें नाहीं, तेंही खरें आहे. पण असा नियम असेल तर पैसे घेण्याच्या वेळींच तो कळवावा. म्हाताऱ्या माणसांस दारांत अडवून सांगूं नये. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचें तान्हें मूल आहे, त्यांनीं काय करावें? कन्येची तक्रार आणखी पुढची. तळमजल्यावरून खोली दिसत नाहीं, रात्रीं डबा हळूच आणूं, असें तिनें सुचविलें. आईनें तें साफ नाकारलें. नियम सर्वांना आहे तर आपल्यालाही आहे, यापुढें तिच्याशीं बोलतां येईना.

म्हणून रात्रीं भोजनगृहांत गेलों. आई खुर्चीवर पदर सांवरून बसली. वाढप्या आला, व काय हवें तें विचारण्याच्या आधीं त्यानें कांचेचे पांच पेले मांडून पाण्यानें भरले. सारे पेले एकसारखे. आईनें आपला पेला उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि सगळें पाणी एका दमांत प्याली. वाढप्यानें तो पुन्हां भरला. तिनें तोही संपविला. तहान एवढी नव्हती हें मला ठाऊक आहे. नंतर तिनें वरणभात मागविला. भात ऊन ऊन होता. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. वरणांत गूळ नाहीं, ही मात्र होती.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं वेण्णा तलावाच्या पलीकडे, झाडीच्या कडेला, सडकेवरच दशम्या सोडल्या. मोटारींत उन्हानें तापूं नये म्हणून रात्रभर डबा ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवला होता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतेराशें मीटर उंच. रात्रींचा गारवा आमच्या कामीं आला. एकाही दशमीला वास नव्हता. ठेपलेवालें कुटुंब थोड्या अंतरावर आपली टोपली सोडून बसलें होतें. त्या बाईंनीं चार ठेपले पाठविले, आईनें चार दशम्या पाठविल्या. मग दोघी बराच वेळ, एकीला दुसरीची भाषा नीट येत नसतां, पीठ कशांत भिजवावें यावर बोलत होत्या.

आतां त्या एका वहीविषयीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या शेवगांव-पाथर्डीकडचीं कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडणीस निघतात, हें येथील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. यांतले कांहीं वाचक स्वतःच निघणारे आहेत. नवराबायकोच्या जोडीला तेथें 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत पांचसहा महिने कारखान्याच्या हद्दींत कोपी घालून राहावयाचें. माझ्या वर्गांतल्या एका मुलानें 'मीं केलेला प्रवास' म्हणून हाच प्रवास लिहिला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत आईनें काय कोणत्या क्रमानें भरलें, तें त्यानें बिनचूक दिलें आहे : तळाशीं बाजरीचीं पोतीं, त्यांवर भांडीं, मग तवा व काटवट, मग अंथरुणें, कोंबड्यांची पाटी, आणि सर्वांत वर आपण व बहीण. उतरल्यावर कोपी उभी राहण्याच्या आधीं तीन दगडांची चूल मांडली, हेंही लिहिलें आहे. पहाटे तीनला आई भाकरी थापूं लागते, कारण उजाडण्यापूर्वीं फडावर पोहोंचावयाचें असतें. भाकरी फडक्यांत बांधून उसाच्या पाचटाखालीं ठेवतात, कारण उन्हांत ठेवली तर कडक होते व उघड्यावर ठेवली तर कुत्रीं नेतात. निबंधाला मीं पैकींच्या पैकीं गुण दिले. प्रवासवर्णनांत आणखी काय असावें लागतें?

पालकसभेला त्याची आई आली होती. मीं वर्गांत दशमीचा विषय काढला होता, तें मुलानें घरीं सांगितलें असावें. सभा संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, दुधातली दशमी आमच्याकडं व्हत न्हाई. दूध कुठलं? आम्ही भाकर चुलीच्या कडंला उभी करून वाळवतो. चांगली आठ दिस ऱ्हाती. कालवणात मोडली की झालं." मीं विचारलें, बाजरीची भाकरी इतके दिवस कडू होत नाहीं? ती हंसली. कडू होतें तें दळून ठेवलेलें पीठ, भाकरी नव्हे. म्हणूनच बाजरी तिकडे दाणाच न्यावयाची, व लागेल तशी दळावयाची. हें बरोबर आहे. बाजरींत तेल अधिक असतें, आणि दळल्यावर तें लवकर खवटतें. पुस्तकांत मला जें सांपडलें, तें तिनें पोत्याच्या तोंडाशीं उभें राहून शिकलेलें होतें. यंदा मुलाला हंगामी वसतिगृहांत ठेवणार कीं बरोबर नेणार, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "बघू. भाकर कोण बांधून देईल त्याला, त्येवढंच बघायचंय."

घरीं येऊन हें मीं आईला सांगितलें. आई कांहीं वेळ गप्प होती, मग तिनें कन्येला वही घेऊन बसविलें आणि दशमीचें प्रमाण सांगितलें : जोंधळ्याचें पीठ चार वाट्या, दूध कोमट, मावेल तेवढें, मीठ चिमूटभर, थापतांना पाण्याचा हात लावावयाचा नाहीं, दुधाचाच. शेजारच्या पानावर वाळविलेल्या भाकरीची कृति त्या बाईच्या शब्दांत उतरून घेतली आहे. दूध गाईचें घ्यावें कीं म्हशीचें, यावर आजी व नात यांचें एकमत न झाल्यामुळें ती जागा वहींत अजून कोरी आहे.